धुलाई साठ मिनिटं

हिंदुरावचं नाव कुणी काढलं की माझं डोकं सणकतं. अडुसष्ट वर्षांचा झालो, पाच वेळची नमाज पढतो, तरी सणकतंच. चाँदबी, म्हणजे आमची मंडळी, म्हणती, "अवं, त्यानं तुमचं काय खाल्लंय का?" काय बी खाल्लं न्हाय. तेच तर दुखणं हाय. त्यानं माझं काय खाल्लं असतं तर चारचौघांत शिव्या घालून कधीच मोकळा झालो असतो.

आमी दोघं वालचंदनगरला एकाच माणसाच्या हाताखाली शिकलो. मानसिंगतात्या कंपनीचे फोटोग्राफर. कारखान्यात नवं यंत्र तयार झालं की त्याचा मोठा काळा-पांढरा फोटो काढायचा, डार्करूममधी छापायचा अन् फायलीला लावायचा, ही त्यांची नोकरी. सत्त्याहत्तर साली मी इंदापूरचा अन् हिंदुराव पणदऱ्याचा, असं दोघं त्यांच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन उभं राहिलो. छापायला तात्यांनी चार महिन्यांत शिकवलं. धुवायला शिकवायला त्यांनी दोन वर्षं घेतली.

आता फोटो धुवायचा म्हणजे काय, ते सांगतो. छापलेला कागद शेवटी हायपोच्या पाण्यात बुडवत्यात, त्यानं चित्र पक्कं होतं. पण तोच हायपो कागदात मुरून राहिला तर काही वर्षांनी फोटो पिवळा पडतो, अन् मग आतनं खात सुटतो. म्हणून वाहत्या पाण्यात तासभर धुवायचा, घड्याळ लावून. वाळला की पालथा घालायचा अन् मागं मऊ पेन्सिलीनं लिहायचं: तारीख, छापणाऱ्याचं नाव, धुलाई किती मिनिटं. तात्या कुणाचाबी फोटो हातात घेतला की आधी मागनं बघायचे. एका पोरानं वीस मिनिटं धुवून मागं साठ लिहिलं व्हतं. त्याला तात्यांनी दुसऱ्या दिवसापास्नं यिऊ नको म्हणून सांगितलं. ओरडले न्हाईत, काय न्हाय. नुसतं सांगितलं.

रिटायर झाल्यावर तात्यांनी आपला एन्लार्जर, म्हणजे फोटो मोठा करून छापायचं यंत्र, मला दिला. हिंदुरावला न्हाय, मला. त्या दिवशी माझे पाय जमिनीला लागत न्हवते. मी इंदापुरात एसटी स्टँडच्या मागं स्टुडिओ टाकला, हिंदुरावनं बारामतीत टाकला. काळा-पांढरा छापावा तर इमामभाईनं, असं लोक म्हणायचे. अजूनबी म्हणत असतील. पण माझ्याकडं येत्यात ते पासपोर्ट साईजला अन् आधार कार्डावर प्लास्टिक चढवायला.

अन् त्या हिंदुरावकडं बघा. दोन हजार तीन साली, भर दुष्काळात, ह्या बाबानं डार्करूम मोडली. ट्रे विकले, नळ काढले, कॉम्प्युटर अन् छापायचं मशीन आणलं. बटन दाबलं की फोटो बाहीर. मला कळलं तसा अंगाचा तिळपापड झाला. तात्यांची विद्या विकून खाल्ली म्हणलो ह्यानं. तवापास्नं मी त्याच्याशी बोलणं टाकलं. इंदापुरात, निमगावात, जिथं जाईल तिथं सांगत सुटलो, "हिंद्याचे फोटो पाच वर्षांत उडत्यात. लिहून घ्या." अन् उडले की! त्याच्या पहिल्या मशीनचे फोटो तीन-चार वर्षांत गुलाबी पडले. मी त्या दिवशी घरी मटण आणलं. चाँदबीनं विचारलं, आज काय हाय? मी म्हणलो, काय न्हाय, सहज.

पण माझं सुख कुणाला बघवलंय? हिंदुरावनं दुसरं मशीन आणलं. त्याची शाई निराळी, कागद कापसाचा. त्यातला एक फोटो त्यानं दुकानाच्या काचेत, उन्हाच्या तोंडावर लावून ठेवला अन् खाली तारीख टाकली. म्हणजे कोणीबी यावं अन् बघावं. मी दर वर्षी बारामतीला गेलो की चष्मा पुसून त्या काचेसमोरनं चक्कर मारायचो. आज फिका पडंल, उद्या पडंल. दहा वर्षं झाली, त्यो फोटो उडायचं नाव घेईना. पुण्याची माणसं त्याच्याकडं फोटो छापायला यायला लागली. हातात पांढरे मोजे घालून कागद धरतो म्हणं. मोजे! आमी हायपोत हात बुडवून नखं काळी केली अन् ह्यो मोजे घालतोय. पोटात माझ्या असं दुखायचं की जेवण जायचं न्हाय.

सगळ्यात मोठं दुखणं अजून सांगितलंच न्हाय. त्याच दुष्काळाच्या उन्हाळ्यात माझ्या हातनं आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो निघाला. कळस गावाजवळ जनावरांची चारा छावणी व्हती, तितं गेलो व्हतो. बनाबाई म्हणून एक बाई आपली म्हातारी आय अन् गाय घेऊन छावणीत राहिली व्हती. म्हातारीचा पुढचा एक दात पडलेला, म्हणून ती कधी तोंड उघडून हसायची न्हाय, कायम पदर तोंडावर. त्या दिवशी तिच्या दोन्ही हातांत पेंडीचं घमेलं, अन् गाईनं तिचा पदरच तोंडात धरून ओढला. म्हातारी खळखळून हसली. दात नसलेल्या जागेसकट हसली. मी बटन दाबलं.

दोन फोटो छापले. एक बनाबाईला दिला, एक वालचंदनगरला तात्यांना नेऊन दिला. तात्यांनी आधी मागनं बघितलं, मग पुढनं. लई वेळ बघितलं. मग विचारलं, "पाणी कुठनं आणलंस रे?"

"आणलं कुठनं तरी," म्हणलो.

त्यांनी फोटो टेबलाच्या खणात ठेवला. महिन्यानं परत गेलो तर त्यांच्या भिंतीवर हिंदुरावचा फोटो! मशीनवर छापलेला. पणदऱ्यातली कोरडी विहीर. माझा खणात अन् त्याचा भिंतीवर. चहा न घेता उठलो मी. तात्या दोन हजार अकराला गेले, पण ती भिंत काय माझ्या डोळ्यांपुढनं गेली न्हाय.

तर ही अशी आग घेऊन मी बसलेलो, अन् तीन वर्षांपूर्वी बनाबाई दुकानात आली. आता तिचीच साठी आलेली. पिशवीतनं फ्रेम काढली. म्हणली, "इमामभाई, आयचा फोटू पिवळा पडाय लागलाय. आयचा ह्यो एकलाच फोटू हाय वो. कशानं झालं आसंल?"

मी बघितल्या बघितल्या ओळखलं. कडंनी तपकिरी, उजळ भागावर डाग. आत राहिलेला हायपो. फ्रेम उघडून मागं बघायचीबी गरज न्हवती. त्या वर्षी इंदापुरात टँकर आठ-आठ दिवसांनी यायचा. घरात प्यायला दोन हंडे. चाँदबी म्हणली व्हती, फोटोला एक थेंब देणार न्हाय. मी चोरून एक बादली घेतली, तेच पाणी तीनदा फिरवलं, बारा मिनिटांत फोटो बाहीर काढले. अन् मागं लिहिलं, धुलाई साठ मिनिटं. दोन्हींच्या मागं. तात्यांना दाखवायचा व्हता ना.

बनाबाईनंच विचारलं, "चुलीच्या धुरानं का वो? आमची चूल घरातच हाय."

मी म्हणलो, "धूरच असणार. दुसरं काय?"

एवढं सोपं व्हतं ते. ती "व्हय, व्हय" म्हणत, स्वतःवरच चरफडत गेली.

यंदा दिवाळीनंतर ती परत आली. बरोबर सून स्वरूपा. नवीन घर बांधलंय, आयचा फोटो बैठकीत लावायचाय. फ्रेम समोर ठेवली. गाय दिसत व्हती, घमेलं दिसत व्हतं. पण म्हातारीचं तोंड पिवळ्या डागात गेलेलं. हसू जायला लागलं व्हतं. ओठ कुठं संपले अन् गाल कुठं लागला, ते कळत न्हवतं.

"आमी बारामतीला हिंदुरावांकडं गेलो व्हतो," स्वरूपा म्हणली. "ते म्हणले, ह्यातनं मला काढता येणार नाही. इमामकडं निगेटिव्ह असंल, तो कधीच फेकत नाही. ती आणा, मी छापतो. न्हायतर त्यालाच छापू द्या, त्याचाच फोटो हाय."

माझं डोकं सणकलं. माझा फोटो, माझी निगेटिव्ह, अन् ह्यानं मशीनमधी घालून बटन दाबायचं? मग बनाबाईच्या नव्या घरात, भिंतीवर, परत ह्याचाच फोटो? अन् आलं-गेलं माणूस म्हणणार, हिंदुरावांनी छापलाय. वर परत "त्यालाच छापू द्या" म्हणून माझ्यावर उपकार!

"निगेटिव्ह न्हाय," मी म्हणलो. "वाळवीनं खाल्ली."

ती माझ्या मागच्याच कपाटात व्हती. बटर पेपरात गुंडाळून, वर साल अन् गाव लिहून.

 बनाबाईनं फ्रेम पदरानं पुसली. नुसता पुसून जाणारा डाग असावा तशी पुसत राहिली. "माझीच चूक," म्हणली. "आदी हलवाया पायजे व्हता." मला तवाबी तोंड उघडता आलं असतं. न्हाय उघडलं.

आठ दिवसांनी दोघी परत आल्या. स्वरूपानं मोबाईलमधी कसलंसं ॲप घालून फोटो नीट करून आणला व्हता, छापून बिपून. मी बघितला. म्हातारी एकदम गोरीपान, सुरकुत्या पुसलेल्या, अन् तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात! टूथपेस्टच्या जाहिरातीत बसवावी अशी.

"ही माजी आय न्हाय," बनाबाई म्हणली. "ही कोन बया हाय, मला ठावं न्हाय. आयचा दात पडल्याला व्हता. त्यासाटी ती जल्मभर पदर धरून बसली, अन् ह्यांनी दात बसवून दिलं." बोलता बोलता तिच्या डोळ्यांतनं पाणी आलं. 

मला मेल्याला तवाबी हसूच फुटत व्हतं. विचारलं, "हिंदुरावनं करून दिला का ह्यो?"

"न्हाई वो," स्वरूपा म्हणली. "त्यांना मी म्हणलं व्हतं तसं करा म्हणून. ते म्हणले, जे गेलं ते मी मनानं भरणार नाही. मग मीच केलं."

घ्या. तिथंबी ह्यो शहाणा निघाला. माझं हसू जागच्या जागी विझलं.

त्या दिवशी मी ठरवलं, आपणच छापायचा. निगेटिव्ह सापडली म्हणून सांगायचं, अन् असा फोटो करून द्यायचा की बनाबाईनं तो बारामतीत नेऊन हिंदुरावच्या टेबलावर ठेवावा. सात वर्षं डार्करूमला कुलूप व्हतं. उघडली, झाडली. कागद मुंबईहून मागवला. तात्यांचा एन्लार्जर पुसला. आता नळाला पाणी हाय, उजनी धरणाचं. साठ काय, नव्वद मिनिटं धुतला. चाँदबी बाहीरनं ओरडत व्हती, मोटर तापली म्हणून.

फोटो वाळला. मी खिडकीत धरला. झकास! काळा कसा, पांढरा कसा, सगळं जागच्या जागी. चाँदबीला बोलावलं. "बघ," म्हणलो. "बटन दाबून असं येतंय का?"

तिनं लांब धरला, जवळ धरला. "चांगला हाय," म्हणली. "पण हिचं तोंड असं पाण्यात पडल्यागत का दिसतंय? अन् तो पडलेला दात कुठं हाय?"

"दिसतोय की ढळढळीत!"

"तुमाला दिसतोय. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू हाय तुमच्या. डॉक्टरनं सांगून वर्ष झालं."

परत छापला. परत. पाच कागद घालवले. एन्लार्जरखाली बारीक बघून चित्र शार्प करायचं असतं, ते मला दिसतच न्हवतं. मला जे शार्प वाटायचं ते तिला पाण्यात पडल्यागत दिसायचं. अन् चाँदबी खोटं बोलत न्हाय, हाच तिचा दोष हाय. शेवटी ती म्हणली, "अवं, त्या बाईला आय पायजे. तुमाला काय पायजे?"

रात्रभर कूस बदलत राहिलो. सकाळी बनाबाईला फोन केला, निगेटिव्ह सापडली, जुना फोटो घेऊन वाटंतल्या जंक्शन गावात थांबा, आपण बारामतीला जाऊ. ती एसटीत चढली ती हसतच. "वाळवीनं खाल्ली म्हनला व्हता न्हवं?"

"दुसऱ्या डब्यात निघाली," म्हणलो. अजून एक खोटं. मोजायचं कुणी?

बावीस वर्षांनी हिंदुरावच्या दुकानाची पायरी चढलो. टक्कल पडलंय त्याला. तेवढं बघून जरा बरं वाटलं. माझ्याकडं बघून तो उभा राहिला, म्हणला, "ये इमाम." एवढंच. जसा कालच यिऊन गेलो व्हतो. मी निगेटिव्ह टेबलावर ठेवली. त्यानं उजेडावर धरली अन् तोंडातनं शब्द निघाला त्याच्या, "आयला!"  मग म्हणला, "हा फोटो मला काढायला मिळाला असता ना, तर मी बाकीचं सगळं फेकून दिलं असतं. दोन हजार तीनला तात्यांकडं बघितला. आठ दिवस मला झोप न्हवती."

मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. ह्याला? माझ्या फोटोनं?

बनाबाईनं जुनी फ्रेम पुढं केली. "धुरानं घालवला म्या," म्हणली. हिंदुरावनं खिळे काढले, फोटो बाहीर काढला अन् सवयीनं आधी पालथा केला. माझ्याच अक्षरात, माझ्याच पेन्सिलीनं: मे २००३, इमाम, धुलाई साठ मिनिटं. त्यानं वाचलं. माझ्याकडं बघितलं. त्या उन्हाळ्यात कुणाच्या नळाला तासभर पाणी न्हवतं, हे त्याला काय मी सांगायला पायजे व्हतं?  आता हा बोलणार, तिच्यासमोर बोलणार, बावीस वर्षांचा सगळा हिशोब चुकता करणार.

"त्या टायमाला कागदच खराब यायचा अक्का," हिंदुराव म्हणला. "तुमचा दोष न्हाय, अन् कुणाचाबी न्हाय. बसा, चहा घ्या."

झाकलं त्यानं माझं. खरं सांगतो, त्यानं मला जोड्यानं मारलं असतं तर परवडलं असतं.

आतल्या खोलीत त्यानं निगेटिव्ह मशीनमधी घातली अन् खणातनं एक फोटो काढून माझ्या हातात दिला. तीच, तात्यांच्या भिंतीवरची. पणदऱ्याची कोरडी विहीर. पार गुलाबी झालेली, विहिरीचा तळच दिसत न्हवता. "तात्या गेल्यावर त्यांच्या पोरीनं मला परत दिला," म्हणला. "मागनं बघ."

पालथा केला. मागं लिहिलं व्हतं: जून २००३, हिंदुराव. धुलाई नाही. पाणी नाही. यंत्रावर छापला.

"पणदऱ्यात बाया दोन-दोन मैल हंडा घेऊन चालायच्या," तो म्हणला. "अन् मी तासभर नळ सोडून फोटो धुवायचा? एकदा पंधराच मिनिटं धुतला. मागं लिहायला बसलो. साठ लिहायला हात होईना अन् पंधरा लिहायची लाज वाटली. त्याच आठवड्यात मोडली डार्करूम. तात्यांना जाऊन सांगितलं. म्हणलं, शिव्या द्या. त्यांनी काय न बोलता ह्यो भिंतीवर लावला."

"मला का न्हाय सांगितलंस?"

"तू बोलत व्हतास का माझ्याशी?"

बावीस वर्षं मी ह्या माणसाला बाटगा म्हणत गाव पालथं घातलं. अन् तात्यांकडं दिलेला माझा फोटो खणात का गेला, ते मला तितं, त्या एसीच्या गारव्यात, घाम फुटून कळलं. तात्यांनी मला उद्यापास्नं यिऊ नको म्हणलं न्हाय. मी आपला एन्लार्जर मिरवत बसलो.

मशीननं फोटो हळूहळू बाहीर सोडला. हिंदुरावनं मोजे घातले, मलाबी एक जोड दिला. घातला मी. भिंग घेऊन चांगली दहा मिनिटं खोट काढायला बघत व्हतो, उजव्या डोळ्यानं. गाईच्या मानेवरचा केस न केस. घमेल्याचा काठ. ओढलेल्या पदरातलं सूत. अन् म्हातारीचं हसू, पडलेल्या दाताच्या काळ्या फटीसकट. मी स्वतः छापला व्हता तवाबी हे एवढं आलं न्हवतं.

बाहीर आणून बनाबाईपुढं धरला. ती उठून उभी राहिली. हात लावला न्हाय, नुसती वाकली. "आय," म्हणली. "बग की, कशी हसतीया. गाईनं पदर वडला म्हून."

हिंदुरावनं फोटो पालथा केला, पेन्सिल माझ्यापुढं धरली. "फोटो तुझा. तू लिही."

मी लिहिलं: फोटो इमाम. छापणारा हिंदुराव. धुलाई न्हाय. मग तीच पेन्सिल घेऊन जुना फोटो पुढं ओढला. साठवर काट मारली अन् वर लिहिलं, बारा. हिंदुराव "राहू दे रे" म्हणला. त्याचं ते "राहू दे" मला नको व्हतं. एवढं तरी माझं मला करू दे.

"बनाबाई," म्हणलो, "तुमच्या चुलीनं फोटो न्हाय खराब झाला. कागदबी चांगला व्हता. मी तासभर धुवायचा तो बारा मिनिटांत काढला अन् मागं खोटं लिहिलं. अन् तुमी विचाराय आला तवा मला ठावं व्हतं."

तिनं जुना फोटो आपल्याकडं ओढला. "म्हंजी धुरानं न्हाय?"

"न्हाय."

"आवं, मंग म्या चूल भाईर घातली की वो! तुमी म्हनला त्याच हप्त्यात. आयचं त्वांड जातंय म्हून. तीन पावसाळं डोस्क्यावर पोतं घिऊन भाकरी केल्या म्या." तिनं कपाळाला हात लावला. मला वाटलं, आता तळपट करती माझं. अन् ते बरोबरच झालं असतं. पण ती खाली बसली अन् रडायलाच लागली. "म्या न्हाय ना घालवला आयला?" परत परत तेच. "म्या न्हाय ना?"

"न्हाय," मी म्हणलो. "तुमी न्हाय. मी."

येताना एसटीत ती नवा फोटो मांडीवर धरून बसली व्हती. माझ्याशी बोलली न्हाय. जंक्शनला उतरताना तेवढं म्हणली, "चूल आज आत घेती." मी मान हलवली. 

घरी पोचलो. चाँदबी दारातच बसली व्हती, मेथी निवडत. "कसा आला फोटो?" तिनं विचारलं.

"माझ्यापेक्षा चांगला," म्हणलो. "अन् माणूसबी."

तिचे हात मेथीतच थांबले. "काय म्हणला? परत म्हणा."

"एकदाच म्हणणार हाय," म्हणलो अन् चपला काढल्या.